मोटर नाही, पातं बघा

फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या शिवारातल्या वस्त्यांवर दिवस कलला की एक ठरावीक आवाज उठतो. आधी मोटरीची घरघर, मग जड चाक गती घेतं त्याचा घुमारा आणि पेंढी तोंडात गेली की खच-खच-खच असा एकसुरी ठेका. दावणीची जनावरं त्या ठेक्यावर माना वळवतात. कुट्टी यंत्र नीट चाललं आहे की नाही, हे जाणत्या माणसाला अंगणातून बसल्या जागी कळतं.

एखाद्या संध्याकाळी हा ठेका बिघडतो. खच-खचच्या जागी फरफर ऐकू येते, चाक दमल्यासारखं मंदावतं, कडबा तोंडातच तटून बसतो आणि पट्ट्यातून जळक्या रबराचा वास सुटतो. घरातलं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं, "मोटर गेली." मोटर खोलून मोटारसायकलला बांधली जाते, तालुक्याला भरायला टाकली जाते, दोन-तीन दिवस जनावरं अख्खा कडबा चघळतात. मोटर परत येते, आणि पहिल्याच पेंढीला यंत्र पुन्हा तसंच कण्हायला लागतं.

दुखणं बहुतेक वेळा मोटरीत नसतंच. ते असतं पात्याच्या धारेत, आणि पातं व तोंडाची पट्टी यांच्यामधल्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या फटीत.

कडब्याला कुट्टी का लागते, हे ज्याने गव्हाण साफ केली आहे त्याला सांगावं लागत नाही. जनावर पानं ओरपतं, शेंड्याकडचा कोवळा भाग खातं आणि बुडख्याकडची जाड ताटं तुडवून, शेण-मुतात घालून टाकून देतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या दाण्याचं कौतुक सगळीकडे झालं. पण दुष्काळी टापूतला शेतकरी मालदांडी ज्वारी पेरतो तो भाकरीइतकाच कडब्यासाठी. पाऊस हुकला की कडब्याचा भाव दाण्याशी स्पर्धा करतो. अशा वेळी गव्हाणीतली उष्टावळ म्हणजे पायदळी गेलेला पैसा. कुट्टी केल्याने कडब्यातली प्रथिनं वाढत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे, कारण यंत्र विकणारा ते सांगत नाही. कडबा मुळातच प्रथिनांनी दुबळा. कुट्टीने एवढंच होतं की जनावराला निवडानिवड करता येत नाही आणि ताटंही पोटात जातात.

या यंत्राशी मराठी माणसाचं नातंही जुनं आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदारीत शिरले ते वैरण कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर घेऊन. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी त्यांच्या नांगराला हात लावायला तयार नव्हते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते; १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हेही. वैरण कापायचं यंत्र मात्र त्या गोष्टीत मागच्या बाकावर बसतं. मोठं चाक, चाकाच्या आऱ्यांवर बसवलेली दोन पाती आणि चारा पुढे ओढणारे दोन दातेरी रोलर हा हाताने फिरवायच्या यंत्राचा साचा. आज त्याला मोटर, पट्टा आणि गिअर जोडलेले असतात. कापण्याची रीत तीच आहे.

ती रीत कात्रीची आहे, कोयत्याची नाही. कोयता एकटा, नुसत्या वेगाने तोडतो. कात्रीला दोन पाती लागतात आणि ती एकमेकांना खेटून जावी लागतात. कुट्टी यंत्रात एक पातं चाकावर फिरतं आणि दुसरं तोंडाशी पक्कं बसवलेलं असतं. त्याला कुणी 'तोंडाची पट्टी' म्हणतं, कुणी नुसतंच 'पट्टी', आणि बरेच जण काहीच म्हणत नाहीत, कारण ते तिथे आहे हेच त्यांच्या गावी नसतं. फिरत्या पात्याला धार लावून आणली तरी यंत्र सुधारत नाही, तेव्हा या पट्टीकडे बघायचं. तिची कड गोलावली असेल तर वरचं पातं कितीही पाजळलं तरी चारा तिच्यावरून घसरतो. बऱ्याच यंत्रांत ही पट्टी काढून दुसऱ्या कडेने फिरवून बसवता येते, म्हणजे नवी घेण्याआधी जुनीचीच एक ताजी कड हाताशी असते.

फट मोजायला कारागीर लागत नाही. विजेचा पिन काढायचा, म्हणजे बटण नुसतं बंद न करता तार भिंतीपासून वेगळी करायची. जुन्या लग्नपत्रिकेची हातभर लांब पट्टी घ्यायची, ती तोंडाच्या पट्टीवर धरायची आणि दुसऱ्याने चाक कडेला धरून सावकाश फिरवायचं. पत्रिका कात्रीने कापल्यासारखी सरळ तुटली तर फट ठीक आहे. ती दुमडून पात्यामागे ओढली गेली तर फट जास्त. 'खर्र' असा लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज आला तर पातं फारच पुढे आलं आहे, आणि तसंच चालवलं तर एखाद्या दिवशी त्याचा टवका उडणार. हीच परीक्षा पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध करायची, कारण पातं एका अंगाला तिरकं बसलेलं असणं हा नेहमीचा दोष आहे. पात्यामागे फट कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. आधी पात्याचे बोल्ट किंचित सैल करायचे, स्क्रू थोडाथोडा फिरवायचा, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा पत्रिका. आवळताना फट बदलते, म्हणून ही तपासणी शेवटच्या आवळणीनंतरच खरी. अर्ध्या तासाचं काम आहे. चिडचिड्या माणसाने दुसऱ्याला द्यावं.

यंत्राचा पिन न काढताही निदान होतं. खाली पडलेल्या कुट्टीची एक मूठ उचलून उजेडात धरायची. ताटांचे तुकडे पडले आहेत, पण पानं लांबच्या लांब तशीच आली आहेत, म्हणजे फट वाढली आहे. पातळ पान त्या फटीत दुमडून निसटतं, जाड ताट निसटू शकत नाही. तुकड्यांच्या टोकांना दाढी आल्यासारखे तंतू लोंबत असतील तर धार गेली आहे, पातं कापत नसून तोडतं आहे. बरेचसे तुकडे नेहमीच्या दुप्पट लांबीचे निघत असतील तर दोनांपैकी एक पातं नुसतंच फिरतं आहे, कापणारं एकच. या तिन्ही खुणांत मोटरीचा काही संबंध नाही. पण तिन्ही वेळा मोटरीवर भार वाढतो, ती तापते, कण्हते, आणि दोष तिच्या नावावर जातो.

धार लावायचीही एक शिस्त आहे. पात्याला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू पट्टीला खेटून जाते. धार नेहमी उताराच्या बाजूने लावायची आणि सपाट बाजूवर फक्त उमटलेली कूस अलगद काढायची. घाईत कुणी दोन्हीकडून ग्राइंडर फिरवला की पात्याची कडच पट्टीपासून मागे सरते, आणि मग कितीही स्क्रू पिळले तरी कात्री जुळत नाही. ग्राइंडरचा दुसरा धोका उष्णतेचा. ठिणग्यांच्या वर्षावात पात्याच्या कडेला निळसर झाक आली, की तिथलं पाणी उतरलं असं समजावं. तो भाग मऊ पडतो आणि दोन दिवसांत पुन्हा बोथट होतो. म्हणून थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. कानसीने वेळ लागतो, पण कानस पात्याला जाळत नाही.

दोन्ही पाती एकाच वेळी आणि सारखीच घासायची. एक नवं आणि एक जुनं अशी जोडी लावली तर चाकाचा तोल जातो. काढलेली पाती दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवून बघितली तर फरक लगेच दिसतो. तोल गेलेलं चाक आधी नुसतं थरथरतं, मग नट सैल करतं, मग बेअरिंग खातं. पाया उखडलेली, फरशीवर चालत-चालत जागा बदलणारी कुट्टी यंत्रं गावोगाव दिसतात. त्यांना खाली दगडाचा टेकू दिलेला असतो. टेकू दिला तरी बेअरिंग झिजायचं थांबत नाही.

पण मुळात पातं इतक्या लवकर बोथट का होतं? रब्बीची ज्वारी अनेक भागांत कापत नाहीत, उपटतात. त्यामुळे पेंढीच्या बुडाला धसकटं असतात आणि धसकटांत काळ्या मातीची ढेकळं, कधी बारीक खडे. धार लावलेल्या पात्याला मातीएवढा वैरी दुसरा नाही. धसकटाचा भाग यंत्रात घालण्याआधी कोयत्याने तोडून टाकला, निदान पेंढी दगडावर चार वेळा आपटून घेतली, तरी धार कितीतरी जास्त टिकते. पूर्वी पेंढी ज्वारीच्याच ताटाने बांधलेली असायची, ती तशीच यंत्रात गेली तरी चालायची. आता नायलॉनची सुतळी असते. ती रोलरभोवती गुंडाळी मारते, रोलरच्या टोकाला बेअरिंगच्या कडेशी जाऊन बसते आणि चारा आत ओढला जाणं थांबतं. रोलर फिरत नाही म्हणून गिअरबॉक्स खोलायला निघालेल्याने आधी रोलरच्या दोन्ही टोकांवर टॉर्च मारावी.

ओल्या वैरणीचं तंत्र वेगळं. हत्तीघास, मका, उसाचे वाढे यांचा रस पात्यावर आणि तोंडात चिकटतो, त्यावर भुसा बसतो, रात्रीतून गंज धरतो. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड, अहमदनगर, सोलापूर भागांतल्या चारा छावण्यांत ऊसच वैरण झाला होता, आणि ऊस हा कुट्टी यंत्राची परीक्षा बघणारा चारा. ओलं कापून झालं की शेवटी दोन-चार मुठी कोरडा कडबा यंत्रातून काढायचा. तो तोंड पुसून नेतो. मग पात्यावर जळक्या तेलाचा बोळा फिरवला की झालं.

मोटरीला सगळ्यातूनच निर्दोष सोडता येणार नाही. मात्र तिची बाजू मांडायची तर आधी विजेकडे बोट दाखवावं लागतं. मोटरीची ओढण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचे १८० झाले म्हणजे दाब बावीस टक्के उतरला, पण ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटली. संध्याकाळी वस्तीवरचे सगळे पंप आणि दिवे एकदम लागतात, आणि नेमकी तीच वेळ कुट्टीची. त्यात घरापासून गोठ्यापर्यंत दीडशे फूट बारीक वायर ओढलेली असली की उरलासुरला दाब वायरच खाते. सकाळी मजेत चालणारं यंत्र संध्याकाळी कण्हत असेल, तर पातं आणि मोटर दोन्ही सोडून आधी वायरीला हात लावून बघावं. ती कोमट लागली तर उत्तर तिथेच आहे. एकफेजी मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. मोटर भरण्याच्या मानाने तो फार स्वस्तात येतो. वीज बंद केल्यावरही त्यात भार उरतो, म्हणून तो बदलायचं काम वायरमनकडे द्यावं.

पट्टा सैल असेल तर घसरतो आणि जळतो, फार ताणला तर बेअरिंगवर बसतो. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच लवला तर बरोबर. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलायचे; जुना ताणलेला असतो, सगळा भार नवाच ओढतो. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे त्यांच्या तोंडावरून दोरी ताणून कळतं. गिअरबॉक्समधलं तेल आणि बेअरिंगचं ग्रीस याबद्दल यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती बहुधा देवघराच्या फडताळात, आधार कार्डांच्या झेरॉक्समध्ये सापडते.

बोथट पात्याची खरी किंमत मात्र वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. समजा, चाक मिनिटाला ३५० फेऱ्या घेतं आणि एका फेरीत रोलर चारा ४० मिलिमीटर पुढे सरकवतात. दोन पाती असल्याने तुकडा २० मिलिमीटरचा पडतो. याच हिशेबाने रोलर सेकंदाला २३ सेंटिमीटर चारा ओढतात. माणसाच्या मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत अंतर १८-१९ सेंटिमीटर. रोलरच्या दातांनी बोटाचं टोक धरलं की मनगटापर्यंत पोचायला एक सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात पाती नऊ-दहा वेळा तोंडावरून फिरून गेलेली असतात. ओरडायलाही वेळ नसतो, मग बटण शोधायला कुठला.

आणि हात आत जातो कधी? यंत्र सुरळीत चालू असताना सहसा नाही. तेव्हा रोलर स्वतःच चारा ओढून घेतात. हात जातो तो चारा तटल्यावर. तटलेली मूठ पुढे रेटायला, उलटी ओढून काढायला, 'जरा सैल करून बघतो' म्हणून. म्हणजे फट वाढली, धार गेली, चारा तटला आणि हात पुढे गेला, अशी ही साखळी आहे. आयआयटी दिल्लीतले दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत वैरण कापायच्या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा जखमींमध्ये मुलंही लक्षणीय होती. उघडं पडलेलं मोठं चाक मुलांना खेळणंच वाटतं. उपाय म्हणून सुचलं ते साधं होतं, पात्यांवर आवरण आणि काम नसताना चाक अडकवून ठेवण्याची सोय. धोकादायक यंत्रांबाबत केंद्र सरकारने १९८३ साली कायदाही केला, पण त्याचा रोख मळणी यंत्रांवर होता.

नव्या यंत्रांना पुढे, मध्ये, मागे असा दांडा असतो. चारा तटला की दांडा मागे ओढायचा, रोलर उलटे फिरून गुंता बाहेर टाकतात. अनेक वस्त्यांवर हा दांडा वर्षानुवर्षं न हलवल्याने गंजून बसलेला असतो. पहिला तेलाचा थेंब त्याला. आणि बटण बंद केल्यावरही जड चाक बराच वेळ आपल्याच जोरावर फिरत राहतं, म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. कुट्टीचं काम बऱ्याच घरांत बायका करतात. पदर खोचलेला, बांगड्या मागे सारलेल्या, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हातमोजे मात्र घालू नयेत. रोलरचे दात कातडीआधी कापड पकडतात आणि सोडत नाहीत.

यंत्र माणसाचा हात घेतं तसं जनावराचं पोटही. गाय-म्हैस चारा चावून पारखत नाही, जिभेने ओढते आणि गिळते. पात्याचा उडालेला टवका, सैल होऊन पडलेला नट किंवा पेंढीतली तार कुट्टीत मिसळली की थेट जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोटाच्या पुढे पडद्याआड हृदय असतं. टोकदार तुकडा पोटाच्या आकुंचनाबरोबर पुढे सरकत तिथवर पोचू शकतो. जनावर चारा सोडतं, पाठीला बाक येतो, दूध आटतं, आणि कारण उमगेपर्यंत उशीर झालेला असतो. जनावरांचे डॉक्टर यासाठी पोटात सोडायचं चुंबक वापरतात. कुट्टी पडते त्या पन्हाळीच्या तोंडाशी जुन्या स्पीकरचं चुंबक लावून ठेवलं, तर निदान काही लोखंड पोटाआधीच अडकेल. मोडलेल्या पात्याचा तुकडा हरवला असेल, तर त्या दिवसाची कुट्टी जनावरापुढे टाकू नये. कडबा महाग असला तरी.

तुकडा किती बारीक हवा, यावर पारावर एकमत होत नाही. मुरघासाला मका घालताना दीड-दोन सेंटिमीटर चांगलं, कारण खड्ड्यात हवा राहता कामा नये. रोजच्या गव्हाणीसाठी फार बारीक करण्यात हशील नाही. भुशासारखी कुट्टी जनावर नीट रवंथ करत नाही, आणि रवंथ कमी झालं की दुधाची फॅट उतरते. डेअरीच्या पावतीवर फॅट घसरलेली दिसली की पेंडीला दोष दिला जातो. कधीकधी तुकड्याची लांबी ठरवणाऱ्या गिअरचा दांडा नुसता एक खाच सरकलेला असतो.

शेवटी यंत्राची खरी तपासणी पहाटे होते, तीही वीज नसताना. गव्हाण झाडणारी बाई उरलेली चिपाडं हातात घेते. बोटाएवढी लांब, टोकांना तंतू लोंबणारी निघाली की ती अंगणातून हाक मारते, आणि त्या दिवशी धार काढून झाल्यावर पाने-कानस घेऊन कुणालातरी कुट्टीपुढे बसावं लागतं. जुनी लग्नपत्रिका तिथेच पत्र्याच्या वाशात खोवलेली असते.